चष्म्यावर उमटलेला अंगठा

मागच्या जुलैत चष्म्याची दांडी तुटली. घोडबंदर रोडवर पाऊस नुसता कोसळत होता, चष्मेवाल्याकडे कोण जाणार? घरातल्या झटपट गोंदाच्या ट्यूबने दांडी चिकटवली, चष्मा डबीत घातला, टप्प करून झाकण लावलं. सकाळी बघतो तर उजव्या काचेवर माझाच अंगठा! पांढुरका, चक्राच्या रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. रात्री तीच काच मला स्वच्छ दिसली होती.

फॉरेन्सिक प्रयोगशाळेत हेच करतात, फक्त मुद्दाम. गोंदातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ ठशातल्या घामावर बसते आणि तिथेच तिचे रेणू एकमेकांत गुंफून पांढरं, कडक प्लास्टिक होतं. ही युक्ती जपानमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस गवसली. प्रयोगशाळेत वस्तू बंद कपाटात ठेवून गोंद तापवतात आणि आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राखतात. ठाण्यात जुलैत ती फुकट मिळते! (घरी मुद्दाम करायला जाऊ नका, ती वाफ डोळ्यांना झोंबते.)

काच, प्लास्टिक, धातू यांचं हे झालं. कागदाची तऱ्हा वेगळी, तो घाम पिऊन टाकतो. तिथे निनहायड्रिन नावाचं रसायन कामाला येतं. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो. ठशांसाठी त्याचा वापर १९५४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी सुचवला. हातमोजे न घालता काम केलं तर करणाऱ्याचीच बोटं जांभळी होतात.

पण चिठ्ठी पावसात भिजली असेल तर? अमिनो आम्लं पाण्यात विरघळून जातात, निनहायड्रिनला काही सापडत नाही. मागे उरतो तो तेलकटपणा. गंमत म्हणजे तळहाताला तेलग्रंथीच नसतात. हे तेल आपण चेहऱ्यावरून, केसांतून बोटांना लावून घेतो. चापून खोबरेल लावणाऱ्यांनी नोंद घ्यावी. चांदीचे क्षार असलेल्या खास द्रावणात कागद बुडवला की त्या तेलकट रेषांवर चांदीचे कण बसतात आणि ठसा करडा-काळा दिसू लागतो. मात्र क्रम चुकवून चालत नाही. कोरड्या कागदावर आधी निनहायड्रिन, मग चांदी. उलट केलं तर द्रावणच अमिनो आम्लं धुऊन नेतं.

सिनेमात दिसतो तो पावडर आणि ब्रश गुळगुळीत पृष्ठभागावरच्या ताज्या ठशांना ठीक. जुना, सुकलेला ठसा पावडर सहसा नीट धरत नाही.

माझ्या काचेवरचा अंगठा रुमालाने गेला नाही, साबणानेही नाही. चष्मेवाल्याने नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाला, "काका, अ‍ॅसिटोन लावलं तर ही प्लास्टिकची काच जाईल. नवीनच टाकू."