मुलाखतीची पूर्वतयारी (ठाणे–नवी मुंबई)

नोकरीसाठी बोलावणे आल्यापासून कंपनीच्या गेटवर नाव नोंदवेपर्यंत उमेदवाराने करायचे काम. या भागात मुलाखती प्रामुख्याने ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे–बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा (ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे) आणि वाशी व सीबीडी बेलापूरमधील कार्यालये येथे होतात.

तयारी रिझ्युमेपासून सुरू करावी, ठरावीक प्रश्नोत्तरांपासून नव्हे. बहुतेक प्रश्न त्या दीड-दोन पानांतूनच निघतात. प्रत्येक ओळीवर ‘यात तुम्ही स्वतः काय केलं?’ आणि ‘किती केलं?’ या दोन प्रश्नांची उत्तरे तयार हवीत. कॉलेजचा प्रोजेक्ट चौघांनी केला असेल, तर आपला वाटा कोणता ते सांगता आले पाहिजे. ते जमत नसेल तर ओळ काढून टाकावी.

नोकऱ्यांच्या तारखा ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, सांभाळणारी संघटना) नोंदींशी जुळवून घ्याव्यात. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) वापरून सदस्य पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ पाहता येते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर उमेदवार अजून तिथेच आहे असे दिसते आणि निवड झाल्यावर पडताळणीत काम अडकते. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते.

स्वतःची ओळख दीड मिनिटात संपावी. मराठी माध्यमातून आलेली अनेक मुले इंग्रजी परिच्छेद पाठ करून जातात. मध्येच कोणी प्रश्न विचारला की पाठांतराचा धागा तुटतो, आणि विषय येत असूनही मूल गप्प होते. त्याऐवजी चार मुद्दे लक्षात ठेवावेत: शिक्षण, सध्याचे काम, पूर्ण केलेले एक काम, ही जागा का हवी. वाक्ये दर वेळी वेगळी झाली तरी चालतात. सराव फोनवर रेकॉर्ड करून ऐकावा आणि घरच्या कोणाला तरी मुद्दाम मध्ये तोडायला सांगावे.

रबाळे–महापेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, टर्नर, सीएनसी ऑपरेटर यांची बोलण्यापेक्षा हाताची परीक्षा होते. नेहमीच्या व्हर्नियरचे लघुत्तम माप (मोजता येणारे सर्वांत लहान अंतर) 0.02 मिमी आणि मायक्रोमीटरचे 0.01 मिमी हे माहीत असतेच. चूक होते ती त्याआधी. जबडे पुसून शून्य तपासायचे राहते आणि सगळी मापे सारखीच चुकतात. सेफ्टी शूज न्यावेत. लेथजवळ जाण्यापूर्वी अंगठी आणि घड्याळ काढावे.

पत्ता आदल्या दिवशी पक्का करावा. नवी मुंबईत सेक्टरचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये (उपनगरात) नव्याने सुरू होतात, म्हणून ‘सेक्टर 15’ एवढ्यावर निघू नये. वाशी, ऐरोली की बेलापूर ते विचारावे. ऐरोलीत माइंडस्पेस ही कार्यालय-संकुलेही दोन आहेत, ईस्ट आणि वेस्ट. इमारत क्रमांक आणि गेट विचारून घ्यावे. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकल गाड्या फलाट 9, 10 आणि 10अ वरून सुटतात. रविवारी वॉक-इन (थेट जाऊन द्यायची मुलाखत) असेल तर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) आहे का ते तपासावे. गेटवरची नोंद, पास आणि लिफ्टची रांग यांसाठी अर्धा तास धरावा. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आणि मोज्यांचा जादा जोड पिशवीत ठेवावा.

पगाराची अपेक्षा सांगण्यापूर्वी आकडेमोड करावी. वार्षिक सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) 6,00,000 म्हणजे महिना 50,000. बेसिक 25,000 धरल्यास कंपनीचा पीएफ 3,000, उमेदवाराचा 3,000, ग्रॅच्युइटी सुमारे 1,200 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) वजा जाऊन हातात सुमारे 42,600 येतात. विम्याचा हप्ता किंवा व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार मिळणारा भाग) सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असताना ‘लगेच येतो’ म्हणू नये. नियुक्तीपत्र काढून पाहावे.

सोबत आधार, पॅन, गुणपत्रिका, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि रिझ्युमेच्या तीन प्रती असाव्यात. मूळ कागद दाखवून तिथल्या तिथे परत घ्यावेत. नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत म्हणून पैसे मागितले, तर रक्कम कितीही लहान असो, देऊ नये आणि तिथून निघावे.