जोहार खोरं: तिबेटच्या व्यापारावर उभी राहिलेली गावं

मुनस्यारीहून मिलम हिमनदीकडे जाणाऱ्या ट्रेकरांना वाटेत मरतोली, बुर्फू, बिल्जू आणि शेवटी मिलम अशी गावं लागतात. घरं दगडी, चौकटींवर नक्षीकाम, पण कितीतरी घरांवर छप्पर उरलेलं नाही. ही गावं ज्या व्यापारावर जगत होती, तो १९६२ साली बंद पडला. ते समजून घ्यायचं तर आधी खोऱ्याची ठेवण पाहावी लागते.

जोहार म्हणजे उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातलं गोरी नदीचं वरचं खोरं. पश्चिमेला नंदादेवी (७,८१६ मीटर) आणि नंदाकोट, आग्नेयेला पंचचूली. बर्फाच्या या मुख्य रांगेला चिरून गोरी खाली उतरते. बुगडियारच्या आसपास घळ इतकी अरुंद आहे, की जुनी वाट कड्यातच खोदून काढावी लागली. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. घळ संपली की खोरं रुंदावतं, पाऊस कमी होतो, झाडी मागे पडते. मिलम सुमारे ३,४०० मीटरवर आहे. मे महिन्यात बर्फ सरतो आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा थंडी गाव रिकामं करते. एवढ्या काळात फाफर, ओगल (दोन्ही कुट्टूचे प्रकार), जव असं एकच पीक हाती येतं आणि त्यावर वर्ष निघत नाही. तरीही एके काळी मिलम कुमाऊँच्या पहाडातल्या मोठ्या गावांत मोजलं जायचं, ते खिंडींमुळे.

इथले लोक शौका. सरकारी कागदांत ते ‘भोटिया’ म्हणून येतात. त्यांचं वर्ष तीन मुक्कामांत वाटलेलं असे. मे-जूनमध्ये कुटुंबं, गुरं, सामान घेऊन मिलमकडे चढायचं. बायका, म्हातारी माणसं शेती आणि विणकाम बघायची. पुरुष जुलै ते सप्टेंबर तिबेटात, म्हणजे त्यांच्या भाषेत हुणदेशात, ग्यानिमाच्या मंडीत. ऑक्टोबरमध्ये खाली मुनस्यारी आणि त्याखालच्या गावांत उतरायचं. मग नोव्हेंबरात जौलजीबीची जत्रा, मकरसंक्रांतीला बागेश्वरची उत्तरायणी, आणि हिवाळाभर टनकपूर, हल्द्वानी, रामनगरपर्यंतची फेरी.

ग्यानिमाच्या वाटेवर ऊंटा धुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी अशा लागोपाठ तीन खिंडी आहेत आणि तिन्ही ५,००० मीटरच्या वर. मध्ये ना चारा, ना सरपण. त्यामुळे तिन्ही एका दमात पार कराव्या लागत. मध्येच बर्फ पडायला लागलं तर कळपाला खायला काही नाही आणि माघारही सोपी नाही. परतायला उशीर केलेले तांडे अशा वेळी जनावरं गमावून बसत.

ओझी नेण्याचं मुख्य साधन शेळ्या-मेंढ्या. पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी दोन कप्प्यांची पिशवी, तिला फांचा म्हणतात. एक जनावर साधारण १० किलो उचलतं. ऐकायला हे कमी वाटतं, पण ते अरुंद कड्यावरून सुटं चालतं, वाटेत स्वतःचं पोट भरतं, आणि त्याची लोकर हाही मालच. मोठी ओझी याक आणि गाईच्या संकरातून झालेल्या झुब्बूंवर लादत. मीठ भिजलं की ओझं चालता चालताच घटतं. म्हणून बांधणी आणि रात्रीची रास झाकणं यात कुचराई चालत नसे. वर जाताना धान्य, गूळ, कापड, तांब्या-पितळेची भांडी. खाली येताना मीठ, टाकणखार, लोकर, पश्मिना. ग्यानिमात एका मापट्याच्या धान्याला त्याहून कितीतरी जास्त मीठ मिळे आणि खालच्या गावांत हेच प्रमाण उलटं होई. या दोन टोकांच्या फरकावर जोहार जगलं.

व्यवहार कुणाशीही करता येत नसे. प्रत्येक शौका घराण्याचा तिबेटी भागीदार ठरलेला, त्याला मित्र म्हणत. नातं पिढीजात, आणि मित्राला डावलून दुसऱ्याशी सौदा करणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. करार पक्का करताना दगड फोडून अर्धा-अर्धा तुकडा दोघांनी जपायचा, अशीही रीत होती.

या व्यापाराचं कौतुक करताना दोन समाज नेहमी विसरले जातात. कळप हाकणारे अणवाल बहुतेक दानपूरकडचे, आणि शिवणकाम, लोहारकाम, ओझी वाहणं हे शिल्पकार (पहाडातल्या दलित कारागीर जाती) कुटुंबांकडे. नफा शौकांचा असला, तरी या दोघांशिवाय तांडा हललाच नसता. शेजारच्या दारमा, व्यास, चौंदास खोऱ्यांत रं लोक राहतात. त्यांच्या बोली तिबेटी-बर्मी कुळातल्या, तर जोहारी बोली कुमाऊँनीच्या जवळची. एकाच सरकारी नावाखाली हे सगळे येतात, म्हणून त्यांना एकच समजणं चुकीचं आहे.

तिबेटची वाट आणि भाषा ठाऊक असल्यामुळेच ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने मिलमच्या नैनसिंह रावतांना निवडलं. १८६५-६६ मध्ये ते ल्हासाला जाऊन आले. अंतर गुपचूप मोजायला १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ, १०० पावलांना एक मणी आणि २,००० पावलांचा एक मैल. नोंदी प्रार्थनाचक्रात लपवलेल्या. त्यांचे भाऊबंद किशनसिंह यांनीही पुढे हेच काम केलं.

व्यापाराला पहिला धक्का रेल्वेने दिला होता. १८८४ साली काठगोदामपर्यंत गाडी आली, मैदानातलं मीठ स्वस्त झालं आणि तिबेटी मिठाची मागणी खालून घटत गेली. तेव्हा शौकांनी लोकरीवर भर दिला आणि कानपूरच्या गिरण्या हे मोठं गिऱ्हाईक झालं.

दुसऱ्या धक्क्यातून मात्र सावरता आलं नाही. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नोंदल्या होत्या: शिपकी, माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. कराराची मुदत आठ वर्षांची होती. जून १९६२ मध्ये ती संपली, ऑक्टोबरमध्ये युद्ध झालं. हुणदेशात अडकलेली उधारी बुडाली. हजारोंचे कळप पोसण्याचं कारणच राहिलं नाही, ते विकले गेले.

१९६७ साली भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शिक्षणात आधीच पुढे असलेल्या जोहारींनी सरकारी नोकऱ्या गाठल्या आणि पिथौरागढ, अल्मोडा, हल्द्वानीत घरं केली. वरच्या घरांची देखभाल थांबली. या घरांच्या छपरांवर दगडी पाट्या असतात. दर उन्हाळ्यात त्या नीट बसवल्या नाहीत तर बर्फाचं पाणी आत मुरतं, लाकडी तुळया कुजतात, आणि मग एखाद्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने सगळं खाली येतं. काही कुटुंबं आजही उन्हाळ्यात वर जातात, बटाटा, राजमा, जंबू (फोडणीला वापरतात ती सुगंधी पात) पिकवतात, मरतोलीच्या नंदादेवीच्या मंदिरात पूजा करतात. विणकाम मुनस्यारीत टिकून आहे, थुलमा (जाड लोकरी पांघरूण) आणि दन (गालिचा) अजून विणले जातात.

लिपुलेखमधून १९९२ पासून मर्यादित व्यापार पुन्हा सुरू झाला होता, तो २०२० मध्ये थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी लिपुलेख, शिपकी आणि नथु ला या तीन खिंडींतून व्यापार पुन्हा उघडण्याचं मान्य केलं. लिपुलेख व्यास खोऱ्यात येते. जोहारची कुंगरी बिंगरी या यादीत नाही.