विधानसभेला विनंती अर्ज करायचाय? आधी हे वाचा

मंत्रालयात निवेदन देणं वेगळं आणि विधानसभेला विनंती अर्ज करणं वेगळं. निवेदनावर आवक क्रमांक पडतो, पुढचं खात्याच्या हातात. विनंती अर्ज मात्र नियमात बसला, की सभागृहाचं कामकाज होतो. हे नियम सभागृहाने संविधानाच्या अनुच्छेद २०८ नुसार स्वतःच केलेले असतात. म्हणून लिहायला बसण्याआधी ते समजून घ्या. चांगला प्रश्न केवळ मांडणीपायी मागे राहिला की फार वाईट वाटतं.

अर्ज कोणीही नागरिक करू शकतो, एकट्याने किंवा गावाने मिळून. पारख होते ती विषयाची. सभागृहापुढचं विधेयक चालतं, किंवा राज्य सरकारच्या अखत्यारीतला सार्वजनिक हिताचा प्रश्न. न्यायप्रविष्ट प्रकरण चालत नाही. ‘माझी बदली रद्द करा’ ही वैयक्तिक तक्रार झाली. ‘तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांची पदं रिक्त आहेत’ हा विषय सगळ्यांचा.

अर्ज सभागृहाला उद्देशून, संयत भाषेत लिहायचा. आधी परिस्थिती, शेवटी विनंती. माझ्या मते अर्जाचा सगळा जीव या शेवटच्या परिच्छेदात असतो. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलंत, तर खातं ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच कळवून मोकळं होईल. त्याऐवजी ‘रिक्त पदं कोणत्या महिन्यापर्यंत भरणार, याचा कार्यक्रम विभागाने सादर करावा’ असं लिहा. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

कागदपत्रांची यादी अगदी छोटी आहे: प्रत्येक अर्जदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही किंवा अंगठा. एरवी आपल्याला झेरॉक्सचा गठ्ठा जोडायची सवय असते. इथे पत्रं, शपथपत्रं अर्जाला जोडायची नसतात. जे सांगायचं ते अर्जातच आलं पाहिजे. आमदार अर्ज सादर करणार असतील, तर त्यांची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे अर्जावर त्यांचीही सही, घ्या.

पुढे अर्ज आमदारांच्या विनंती अर्ज समितीकडे जातो. समिती विभागाचं म्हणणं मागवते, गरज पडली तर सचिवांची साक्ष घेते आणि शिफारशींसह अहवाल सभागृहाला देते. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, त्यामुळे पाठपुरावा सोडू नका. अर्जाची प्रत जपून ठेवा. अहवाल आला की त्यातली शिफारस घेऊन आमदारांकडे जा आणि अंमलबजावणीवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायला सांगा.