वामनदादांच्या गाण्यामागचा वारसा

चौदा एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून 'उद्धरली कोटी कुळे' ऐकू येतं. गाणं पाठ असलेल्या अनेकांना ते लोककवी वामनदादा कर्डकांचं आहे हे ठाऊक नसतं.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा वाट्याला आली नाही, तमाशाची गोडी मात्र पोरवयातच लागली. १९३० साली शेजारच्या नाशकात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. याच मुलखात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, म्हणजे गाण्या-संवादांतून चळवळीचा विचार सांगणारा खेळ, उभा राहिला. त्याआधी जोतीराव फुल्यांच्या विचाराच्या सत्यशोधक जलशांनी वग, लावणी, सवाल-जबाब हे तमाशाचंच भांडवल घेऊन भटशाहीवर प्रहार केले होते. आंबेडकरी जलशांनी तीच रीत चळवळीच्या कामाला लावली. वामनदादांना ही परंपरा अशी घराच्या अंगणातच मिळाली.

पुढे पोटासाठी मुंबई. मिलमधली आणि इतर पडेल ती कामं. शिवडीच्या बीडीडी चाळीत आंबेडकरी चळवळीच्या समता सैनिक दलाशी संबंध आला. तिथे एकाने पत्र वाचायला पुढे केलं आणि दादांना ते वाचता येईना. या गोष्टीचं त्यांना रडू कोसळलं. मग एका मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवली, आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. मला हा त्यांच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. अक्षरं विशीच्या उंबरठ्यावर आली, कान आधीच तयार होता. म्हणूनच त्यांची ओळ एकदा ऐकली की तोंडात बसते. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा येते, ती थेट अभंगांच्या वळणाची.

१९४३ मध्ये पहिलं गाणं झालं. ते विडंबन होतं. त्याच वर्षी नायगावात बाबासाहेबांना पाहिलं, आणि गाण्याला दिशा मिळाली.

पण त्यांना नुसते स्तुतिगीतांचे कवी म्हणणं अन्यायाचं आहे. १९५६ मध्ये बाबासाहेब गेल्यावर चळवळीच्या नेतृत्वात फाटाफूट होत गेली, तेव्हा 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' असं म्हणत त्यांनी स्वतःच्याच माणसांना जाब विचारला. टाटा-बिर्लांचं नाव घेऊन 'आमचा वाटा कुठाय हो' हा सवालही त्यांचाच. जात आणि भूक त्यांनी कधी वेगळी काढली नाही. लग्नाची, प्रेमाची गाणी लिहिली, गझलाही लिहिल्या.

पुस्तकं उशिरा आली: १९७३ चं 'वाटचाल', त्यानंतर 'मोहळ'. तोवर गाणी गावोगाव पोचली होती. १५ मे २००४ ला दादा गेले. हजारो रचना लिहिलेल्या या माणसाचं बरंच गाणं अजून गायकांच्या वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. ते चालीसकट उतरवून घेण्याचं काम आत्ताच व्हायला हवं.