मोटारीची केबिनरचना आणि चालकाचे लक्ष

गाडी चालवताना लागणारी बटणे, पडदे, आवाज आणि इशारे चालकाची नजर, हात व विचार रस्त्यावरून कमीत कमी वेळ हटतील अशा रीतीने आखणे, हा मोटारीच्या केबिनरचनेचा एक महत्त्वाचा भाग आहे. लक्ष तीन प्रकारे उडते: डोळे दुसरीकडे वळतात, हात स्टिअरिंग सोडतो किंवा डोळे रस्त्यावर असूनही मन भलतीकडे असते. पहिले दोन प्रकार मोजता येतात, म्हणून नियमांचा भर त्यांच्यावर आहे. तिसरा सर्वांत फसवा.

मोजमापाचे एकक म्हणजे नजर हटण्याचा काळ. ताशी ८० किमी वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर जाते, १२० च्या वेगाने ६७ मीटर. अमेरिकेत शंभर मोटारींमध्ये कॅमेरे बसवून प्रत्यक्ष वाहतुकीत निरीक्षण झाले. त्याच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नजर दोन सेकंदांहून अधिक हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुपटीने वाढतो. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यावरून मर्यादा घातली: एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एक काम एकूण बारा सेकंदांच्या पाहण्यात आटोपावे. त्याची चाचणी घेताना माणसाला एक विशेष चष्मा घालतात. त्याच्या काचा दीड सेकंद पारदर्शक होतात आणि मग धूसर. तेवढ्या झलकांमध्ये गाणे बदलता आले नाही, तर दोष रचनेचा.

मोटारीत स्पर्शपडदा नवा नाही. १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरात तो होता. गेल्या दशकात मात्र एसी, पंखा, आरसे, कधी कधी वायपरसुद्धा पडद्यात गेले. बटण बोटांना न पाहता सापडते, कारण त्याला उंचवटा, जागा आणि दाबल्याची जाणीव असते. सपाट काचेवर बोट कुठे टेकले हे डोळ्यांनीच पाहावे लागते आणि गाडी हादरली की नेम चुकतो. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किमी वेगाने काही ठरावीक कामे करून पाहिली. २००५ च्या, बटणांच्या व्होल्वो व्ही ७० मध्ये ती दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या मोटारीला ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. युरोपात मोटारींची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र कळ असल्यास गुण देण्याचे ठरवले, ते योग्यच झाले.

मराठवाड्यात या प्रश्नाला स्वतःचे वळण आहे. समृद्धी महामार्ग छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जातो; तिथे सरळ, एकसुरी रस्त्यावर मन आपोआप पडद्याकडे ओढले जाते. आतल्या रस्त्यांवर उलटे घडते. गळीत हंगामात बीड, धाराशिव, लातूर, परभणीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्री चालतात. मागे ना दिवा ना रेडियम, अशी ट्रॉली समोर यायला दोन सेकंद फार झाले. अशा रस्त्यावर पडद्याचा प्रखर पांढरा उजेड स्वतःच धोका ठरतो, कारण अंधाराला सरावलेले डोळे त्याने दिपतात आणि पुन्हा सरावायला वेळ घेतात. अंधार पडताच पडदा आपोआप मंद व्हावा आणि एका कळीने पूर्ण विझवता यावा, ही इथली किमान गरज म्हटली पाहिजे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर एसीला वारंवार हात लावावा लागतो, तेव्हा त्याची फिरकी बाहेर, हाताशी असावी.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जातात, पण या भागातील बहुतेक गाड्यांची केबिन कारखान्यात पूर्ण होत नाही. ती अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात पूर्ण होते. जुनी जीप, टेम्पो, भाड्याची गाडी, सगळीकडे नंतर बसवलेला अँड्रॉइड पडदा दिसतो. अशा पडद्याला हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ चालावा, यासाठी ती दिलेली असते. अनेकदा ती थेट अर्थिंगला जोडली जाते आणि चालत्या गाडीत पिक्चर सुरू होतो. सुरक्षेची ही सोपी, स्वस्त आणि उत्तम युक्ती एका मिनिटात निकामी होते, म्हणून पुढच्या रचनांनी हँडब्रेकवर न विसंबता चाकांच्या वेगावरून व्हिडिओ बंद करावा. मोबाईल होल्डर काचेच्या मधोमध चिकटवण्याची सवयही अशीच. तो डॅशबोर्डच्या वरच्या कडेशी, दृष्टीच्या रेषेला लागून पण रस्ता न झाकता बसावा.

हात मोकळे ठेवण्याचा उपाय म्हणून आवाजी आज्ञा आल्या. मात्र युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत हँड्सफ्री बोलणाऱ्या चालकांचेही सिग्नल चुकत होते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे तितके घातक ठरले नाही, कारण समोर गर्दी दिसली की तो आपणहून थांबतो. आवाजी यंत्रणेनेही वळणावर, घाटात गप्प राहायला शिकावे. कन्नडचा औट्रम घाट चढताना संदेश वाचून दाखवण्याचे काही कारण नाही. शिवाय ‘पिंपळगाव’ किंवा ‘वडगाव’ म्हटले की मराठवाड्यात अनेक गावे निघतात. यंत्राने लांबलचक यादी पडद्यावर टाकण्याऐवजी ‘तालुका कोणता?’ एवढेच मराठीत विचारले, तर नजर रस्त्यावर राहते.

चालकाच्या डोळ्यांवर कॅमेरा ठेवून लक्ष उडाल्याचा इशारा देणारी यंत्रणा युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना आणि जुलै २०२६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाचा इशारा अनिवार्य आहे: ८० ला अधूनमधून, १२० नंतर सतत बीप. इशारा थोडका आणि नेमका हवा, नाहीतर चालक तो बंद करण्याच्या नादात आणखी विचलित होतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरून वापरायच्या संपर्कसाधनांचा स्पष्ट उल्लेख आला. नकाशा पाहण्यासाठी मोबाईलला २०२० च्या नियमांनी मुभा दिली. अट एवढीच, की चालकाची एकाग्रता मोडू नये.