तुरटीचे पाणी आणि क्लोरीनचे पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या महापुराने कोल्हापूर-सांगली परिसराला वेढा घातला, तेव्हा दारात पाणी आणि नळ मात्र कोरडा, अशी अवस्था कित्येक कुटुंबांनी अनुभवली. अशा वेळी हंड्यात तुरटी फिरवायची आणि पाणी नितळ दिसू लागले की ते पिण्याजोगे झाले असे समजायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती धोक्याची आहे.

तुरटीमुळे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकत्र येऊन जड होतात व तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर काही जंतूही खाली जातात, पण ते मरत नाहीत. क्लोरीन जंतू मारतो, गढूळपणा मात्र हटवत नाही; उलट गढूळ पाण्यात तो घाणीवरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी पुरेसा उरत नाही. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, गाळ न ढवळता वरचे पाणी चारपदरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात ओतावे, मगच पाकिटावरील प्रमाणानुसार क्लोरीनची गोळी टाकून ते निदान अर्धा तास झाकून ठेवावे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर घरच्या हंड्यात अंदाजाने टाकू नये, कारण साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम हे तिचे प्रमाण चिमटीत मोजता येत नाही. शिवाय उघड्या पिशवीतली पावडर हळूहळू निकामी होते.

नुसत्या तुरटीचे आणि क्लोरीन टाकलेले, दोन्ही पाणी डोळ्यांना सारखेच दिसते. गावातल्या जलसुरक्षकाकडील (गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याकडील) ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणीचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळसर होते. नुसत्या तुरटीचे पाणी, कितीही नितळ असले तरी, रंग बदलत नाही.

इंधन असेल तर पाणी खळखळून उकळणे हा खात्रीचा उपाय आहे. मात्र उकळलेल्या पाण्यात पुन्हा बोटे बुडाली तर त्याला संरक्षण उरत नाही, तर क्लोरीनचा शिल्लक अंश साठवणीतही काही काळ काम करतो. तरीही भांडे झाकलेले, शक्यतो तोटीचे असावे आणि पाणी ओगराळ्यानेच काढावे. पुराच्या पाण्यात डिझेल किंवा कीटकनाशक मिसळल्याचा वास येत असेल, तर तुरटी, क्लोरीन आणि उकळणे यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. ते पाणी सोडून टँकरचेच पाणी घ्यावे.