दप्तर दिरंगाई कायदा

‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ या लांबलचक नावाच्या कायद्याला लोक दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने या कायद्याची मागणी लावून धरली होती. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला.

‘वजन ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही’ हा सरकारी कचेरीचा जुना अनुभव. लाच मागावीही लागत नाही, कागद नुसता अडवून धरला तरी पुरते. हा कायदा नेमके तिथेच बोट ठेवतो. कलम १० प्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तातडीच्या फाईलला चार दिवस. त्याहून निकडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली काढायची. दुसऱ्या विभागाचे मत लागत नसेल तर अंतिम निर्णय ४५ दिवसांत, लागत असेल तर तीन महिन्यांत व्हायला हवा. हेतुपुरस्सर केलेला विलंब ही कर्तव्यातील कसूर ठरते आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणे (ज्यांत अधिकारीच न्यायालयासारखी सुनावणी घेऊन निकाल देतो), मोठे धोरणात्मक निर्णय मात्र यातून वगळले आहेत.

पळवाट टेबलावरच सापडते. निवृत्तिवेतनाच्या फाईलवर आज एक त्रुटी काढायची, ती पुरी झाली की दुसरी. आवक-जावक नोंदवहीत कागद फिरत राहिलेला दिसतो, अर्जदार मात्र तिथल्या तिथेच. शिवाय कारवाई करायची ती वरिष्ठाने, आणि बऱ्याचदा त्याच्याही टेबलावर तीच फाईल पडून असते.

बदल्या हा कायद्याचा दुसरा भाग, आणि भ्रष्टाचाराशी त्याचे नातेही तितकेच जवळचे. एका पदावर साधारण तीन वर्षे, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. याच अटीच्या बळावर कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागतात, आणि कारण न देता काढलेले आदेश तिथे रद्दही झाले आहेत.

विलंबासाठी थेट दंड या कायद्यात नाही. तो २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने आणला: अधिसूचित, म्हणजे सरकारने मुदतीसह जाहीर केलेली सेवा वेळेत न दिल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये.